ग्वाल्हेरची बॅटरी मरते जूनमध्ये, कळतं जानेवारीत

जानेवारीत ग्वाल्हेरवर धुकं उतरलं की शहराच्या लष्कर या भागातल्या गल्ल्यांमध्ये सकाळी सकाळी एक ठरावीक आवाज ऐकू येतो. किल्ली फिरते, ‘टक्’ होतं, पुढे काहीच नाही. पुन्हा किल्ली, पुन्हा टक्. मग कुणीतरी म्हणतं, थंडीनं बॅटरी बसली. नवी बॅटरी येते, गाडी सुरू होते आणि थंडीवरचा आरोप कायमचा सिद्ध होतो.

थंडी इथे नुसती निरोप्या आहे. बॅटरीचं खरं नुकसान सहा-सात महिने आधी झालेलं असतं, नवतपाच्या, म्हणजे मे-अखेरच्या त्या नऊ भाजून काढणाऱ्या दिवसांच्या उन्हात. आणि कितीतरी वेळा बॅटरी धडधाकट असते, दोष असतो सेल्फचा, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणाऱ्या मोटरचा. त्या एका ‘टक्’मागे दोन यंत्रं आहेत: बॅटरी आणि डीसी मोटर. दोघींच्या पोटात काय चालतं ते एकदा कळलं की दहा मिनिटांत नेमका दोष पकडता येतो.

बॅटरीच्या पोटात

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ साली शिसं आणि गंधकाम्ल वापरून पुन्हा चार्ज करता येणारा सेल बनवला. आजची गाडीची आणि इन्व्हर्टरची नेहमीची बॅटरी त्याच घराण्यातली. आत सहा वेगळे कप्पे असतात, प्रत्येक कप्पा म्हणजे साधारण २ व्होल्टचा एक सेल. एकामागे एक जोडले की १२ व्होल्ट.

पूर्ण चार्ज असताना पॉझिटिव्ह प्लेटवर चॉकलेटी रंगाचं लेड डायऑक्साइड असतं, निगेटिव्हवर करड्या रंगाचं स्पंजासारखं सच्छिद्र शिसं. मधे पातळ केलेलं गंधकाम्ल. करंट घ्यायला लागलं की अॅसिडमधलं सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतं, दोन्हीकडे लेड सल्फेट होतं आणि मागे पाणी उरतं. चार्जिंग करताना हीच क्रिया उलटी फिरते.

म्हणजे अॅसिड इथे नुसता रस्ता नाही, तेही खर्च होतं. बॅटरी उतरते तसं अॅसिड पाणचट होत जातं. मेकॅनिक ‘ग्रॅव्हिटी उतरली’ म्हणतो ते हेच; ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्याच्या तुलनेत अॅसिडची घनता. ती मोजणारी काचेची नळी, म्हणजे हायड्रोमीटर, त्यामुळे पेट्रोलच्या काट्यासारखं काम करतो, तेही प्रत्येक सेलचं वेगवेगळं. व्होल्टमीटरला ते जमत नाही.

ग्रॅव्हिटी मोजताना ग्वाल्हेरमध्ये एक चूक हमखास होते. आपल्याकडे ग्रॅव्हिटीचे आकडे २७ अंश सेल्सिअस तापमानाला धरून दिलेले असतात. गरम अॅसिड फुगतं, पातळ वाटतं. दर अंशाला साधारण ०.०००७ चा फरक पडतो. समजा इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीत मे महिन्यात अॅसिड ४२ अंशांवर आहे आणि हायड्रोमीटर १.२३० दाखवतो. २७ च्या वर १५ अंश, म्हणजे ०.०१० मिळवायचे: खरी ग्रॅव्हिटी १.२४०. अशा बॅटरीला हा आकडा पूर्ण चार्जचाच आहे. पण हे गणित न करता ‘ग्रॅव्हिटी कमी आहे’ म्हणून वरून अॅसिड ओतणारे भेटतात. त्यानं आकडा सुधारतो आणि प्लेटा लवकर खाल्ल्या जातात. बॅटरीतून उडून जातं ते पाणी, अॅसिड नव्हे. अॅसिड सांडलं असेल तरच अॅसिड भरायचं.

मोजायची पद्धत सोपी आहे. चार्जिंग बंद करून बॅटरी तासभर शांत ठेवा. नुकतंच पाणी घातलं असेल तर रीडिंग घेऊ नका, कारण पाणी वरच तरंगत असतं. रबराचा फुगा दाबून अॅसिड खेचा, आतली तरंगती नळी काचेला चिकटलेली नाही ना ते पाहा, आणि पातळी डोळ्यांसमोर आणून वाचा. सहाही सेलचे आकडे लिहून काढा. सगळे सारखेच कमी असतील तर बॅटरी फक्त उतरलीय, चार्ज करा. पाच सेल १.२४० ला आणि एकच १.१८० ला असेल तर तो सेल आजारी आहे. चार्जिंगनंतरही सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या सेलमध्ये ०.०३० पेक्षा जास्त अंतर राहिलं तर त्या बॅटरीवर फार पैसे घालू नयेत.

जून काय करतो

रासायनिक क्रियांचा एक ढोबळ नियम आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की वेग जवळपास दुप्पट. बॅटरीसाठी त्याचा अर्थ असा की सतत १० अंश जास्त गरम राहिलेली बॅटरी साधारण निम्मंच आयुष्य जगते. ग्वाल्हेरात मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि बंद बॉनेटखाली त्याहूनही वर.

उष्णतेनं तीन गोष्टी एकदम होतात. पाणी उडतं, प्लेटांची डोकी उघडी पडली की तेवढा भाग वाळून कायमचा निकामी होतो. पॉझिटिव्ह प्लेटची शिशाची जाळी गंजते, म्हणजे करंट वाहून नेणारा सांगाडाच बारीक होतो. आणि तिसरं, बॅटरी नुसती उभी असतानाही आपोआप उतरण्याचा वेग वाढतो.

तिसऱ्या गोष्टीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मे महिन्यात घरचे सुट्टीला पुण्याला किंवा इंदूरला जातात, गाडी महिनाभर फाटकात उभी. घड्याळ, अलार्म यांचं थोडं थोडं खाणं चालूच असतं. बॅटरी अर्ध्यावर येते आणि तशीच तापत राहते. प्लेटांवरचं ताजं लेड सल्फेट बारीक दाण्याचं असतं, चार्जिंगला ते सहज विरघळतं. काही आठवडे तसंच राहिलं तर दाणे वाढून कडक होतात, पाक जुना झाल्यावर साखर धरते तसे. मग कितीही चार्जिंग करा, तेवढी प्लेट परत कामाला येत नाही. याला सल्फेशन म्हणतात. महिनाभर गाडी लागणार नसेल तर जाण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

पाण्याबद्दल वाद घरोघरी असतो. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार आणि लोह बॅटरी आतून खातात. आरओचं पाणीही नको, त्यातही क्षार उरतातच. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी दिसायला स्वच्छ, पण ते कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश घेऊन येतं. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन एवढा स्वस्त असताना हे प्रयोग कशाला, हे कोडंच आहे. एप्रिल ते जून दर महिन्याला पातळी बघावी, एरवी दोन-तीन महिन्यांनी चालतं. पाणी भरायचं ते चार्जिंग झाल्यावर. उतरलेल्या बॅटरीत काठोकाठ भरलं तर चार्जिंगला पातळी वर येते आणि अॅसिड टोपणांतून बाहेर येतं. प्लेटा उघड्या दिसत असतील तर मात्र त्या जेमतेम बुडतील एवढं आधी घाला, मग चार्ज करा, मग उरलेलं.

मोटर: मिक्सरपासून सुरुवात

सेल्फ म्हणजे गाडीचं इंजिन पहिल्यांदा फिरवून देणारी डीसी मोटर. ती खोलून कुणी बघत नाही, पण तिची चुलत बहीण स्वयंपाकघरात आहे. मिक्सर चालू असताना खालच्या फटीतून निळ्या ठिणग्या दिसतात ना, त्या कार्बन (करंट पोचवणारे घासते तुकडे) आणि फिरता कम्युटेटर यांच्यामधल्या. मिक्सर एसी करंटवर चालतो, पण रचना तीच.

चुंबकाच्या क्षेत्रात तार ठेवून तिच्यातून करंट सोडला की तारेला बाजूला ढकलणारं बल लागतं. मोटरमध्ये अशा अनेक तारा फिरत्या आर्मेचरच्या खाचांत गुंडाळलेल्या असतात. अडचण अशी की अर्धा फेरा झाला की तार दुसऱ्या ध्रुवासमोर येते आणि तोच करंट तिला उलट ढकलेल. म्हणून प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला करंटची दिशा बदलावी लागते. ते काम कम्युटेटर करतो: तांब्याच्या पट्ट्यांचं गोल नळकांडं, दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाचा पातळ थर. त्याच्यावर स्प्रिंगनं दाबलेले कार्बन घासत राहतात आणि योग्य वेळी योग्य तारेला करंट देतात.

आता या लेखातली सर्वात महत्त्वाची गोष्ट. मोटर फिरायला लागली की तीच जनरेटरही होते. तिच्या तारा चुंबकाच्या क्षेत्रातून धावतात, म्हणून त्यांच्यात व्होल्टेज तयार होतं आणि ते बाहेरून दिलेल्या व्होल्टेजच्या विरुद्ध उभं राहतं. याला बॅक ईएमएफ म्हणतात. मोटर किती करंट घेणार हे पुरवठ्यातून हे उलटं व्होल्टेज वजा करून जे उरतं त्यावर ठरतं.

इंजिनिअरिंगच्या मशीन लॅबमधलं उदाहरण घेऊ. २२० व्होल्टची मोटर, आर्मेचरचा रोध ०.५ ओहम. पूर्ण वेगात ती २० अँपिअर घेते, म्हणजे २१० व्होल्ट तिचे स्वतःचेच उलटे आणि फक्त १० व्होल्ट खऱ्या अर्थानं तारांवर पडतात. पण सुरुवातीला ती थांबलेली असते, उलटं व्होल्टेज शून्य. २२० भागिले ०.५ म्हणजे ४४० अँपिअर! बावीसपट. म्हणून लॅबमधल्या डीसी मोटरला थ्री-पॉइंट स्टार्टर असतो: आधी मोठा रोध मधे घालायचा, वेग येईल तसा हँडल सरकवत एक एक टप्पा काढून टाकायचा. हँडल झटक्यात ओढणाऱ्या विद्यार्थ्याला फ्यूजच शिकवतो.

आणखी एक धोका ओघात सांगायला हवा. सीरीज मोटरमध्ये चुंबकाची गुंडाळी आर्मेचरच्या रांगेतच असते. भार काढला की करंट कमी, चुंबक कमजोर, मग तेवढंच उलटं व्होल्टेज उभं करायला मोटर आणखी वेगानं धावते. मोठी सीरीज मोटर भाराशिवाय चालवली तर वेग हाताबाहेर जाऊन आर्मेचर उसवतं. त्यामुळे ती पट्ट्यावर चालवत नाहीत, पट्टा तुटू शकतो. मिक्सर रिकामा फिरवला की आवाज चढतो तो याच कारणानं; तिथे पंखा आणि घर्षण त्याला आवरतात.

किल्ली फिरते तो क्षण

सेल्फला स्टार्टरचे टप्पे परवडत नाहीत, कारण थांबलेलं इंजिन हलवायला तो पहिला प्रचंड करंटच हवा असतो. म्हणून बॅटरीची खरी परीक्षा पहिल्या अर्ध्या सेकंदात होते.

छोट्या गाडीचं ढोबळ गणित करू. बॅटरी १२.६ व्होल्ट, तिच्या आतला रोध ०.०१ ओहम, केबल आणि सेल्फ मिळून ०.०३. एकूण ०.०४. पहिला करंट सुमारे ३१५ अँपिअर, तेवढ्यात बॅटरीच्या टोकांवर साडेनऊ व्होल्टच्या आसपास उरतात. इंजिन फिरायला लागलं, उलटं व्होल्टेज उभं राहिलं की करंट शे-सव्वाशेवर येतो आणि व्होल्टेज सावरतं.

आता दोन उन्हाळे खाल्लेली बॅटरी घ्या. जाळी गंजलेली, काही प्लेटा सल्फेट झालेल्या. आतला रोध तिप्पट: ०.०३. मल्टिमीटर लावला तर तीही शांतपणे १२.६ दाखवेल, कारण मीटर करंट घेतच नाही. किल्ली फिरवल्यावर एकूण रोध ०.०६, करंट २१० अँपिअर, आणि बॅटरीच्या टोकांवर उरतात जेमतेम ६.३ व्होल्ट. उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असतं, इंजिन हलकं फिरतं, त्यामुळे हेही कसंबसं भागून जातं. जानेवारीत पारा ५ अंशांवर येतो, अॅसिडमधली हालचाल मंदावते, बॅटरीची क्षमता साधारण पाचव्या हिश्शानं घटते, ऑइल घट्ट होतं. झाकली मूठ उघडते.

टर्मिनल ढिलं असेल तरी हेच होतं. पांढऱ्या-हिरव्या बुरशीसारख्या थरामुळे तिथे ०.०२ ओहम वाढला तर २०० अँपिअरला ४ व्होल्ट तिथेच संपतात आणि त्या एका जागी ८०० वॅट उष्णता होते, म्हणजे इस्त्रीएवढी. किल्ली मारल्यावर टर्मिनल हाताला चटका देत असेल तर नवी बॅटरी घेण्याआधी पाना घ्या. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून टर्मिनल धुवा (सेलची टोपणं घट्ट लावून, सोडा आत गेला तर अॅसिड मारतो), घासून चकचकीत करा, आवळा, वरून व्हॅसलीन. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलं आणि पाना बॉडीला लागला तर पाना वितळेपर्यंत मजल जाते.

आवाज ऐकून दोष ओळखायचा

रात्री हेडलाइट लावून कानांनी निदान करा. किल्ली फिरवताना मदतनीसाला लाइटकडे बघायला सांगा.

‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज आणि लाइट विझत-पेटत: बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल खराब. सेल्फवरचा सोलेनॉइड, म्हणजे मोठा करंट जोडणारा चुंबकी स्विच, ओढला जातो, मोठा करंट सुरू होतो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत येतं, तो पुन्हा ओढला जातो. म्हणून ती टकटक.

एकच दणदणीत ‘टक्’ आणि लाइट जसाच्या तसा प्रखर: बॅटरी निर्दोष. करंट मोटरपर्यंत पोचतच नाही. सोलेनॉइडमधले तांब्याचे संपर्क जळालेत किंवा सेल्फचे कार्बन घासून संपलेत. अशा वेळी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून कुणी किल्ली धरावी आणि दुसऱ्यानं सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्यानं हलकं ठोकावं. गाडी सुरू झाली तर बहुधा कार्बन संपलेत. ठोकल्यानं ते घटकाभर कम्युटेटरवर टेकतात. हातोड्यानं जोरात ठोकू नका, बऱ्याच नव्या सेल्फमध्ये आत चिकटवलेले चुंबक असतात आणि ते तडकतात.

एकच ‘टक्’ आणि लाइट एकदम मंद होऊन तसाच राहिला: करंट वाहतोय, पण मोटर फिरत नाही. बॅटरी अशक्त, नाहीतर सेल्फ किंवा इंजिनच अडकलंय.

मल्टिमीटर असेल तर किल्ली फिरवतानाच बॅटरीच्या टोकांवर धरा. ९.६ च्या खाली गेला तर आधी बॅटरीकडे बघायचं. बॅटरी साडेदहाच्या वर आणि सेल्फ सुस्त, तर केबल किंवा सेल्फ. इंजिन सुरू झाल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. १२.५ वरच अडकलं तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ती भरतच नाहीये. १५ च्या पुढे जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरीचं पाणी उकळवून उडवतोय. सडक्या अंड्यांसारखा वास आला तर गाडी लगेच बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बिडी-काडी दूर ठेवा.

सेल्फ खोलला तर कम्युटेटरचा रंग बघा. निरोगी कम्युटेटर चकचकीत तांब्याचा नसतो, त्याच्यावर पातळ चॉकलेटी थर असतो. तो घासून काढायचा मोह आवरा. कार्बन त्याच थरावर सुरेख सरकतो. काळे डाग सगळीकडे असतील तर कार्बनचा दाब कमी किंवा तेल-ग्रीस लागलंय. एकाच पट्टीची कड जळालेली असेल तर त्या पट्टीला जोडलेली तार तुटलीय, तिथे साफसफाईनं काही होणार नाही, आर्मेचरच वाइंडरकडे द्यावं लागतं. तांबं झिजून अभ्रक वर आलं असेल तर कार्बन त्याच्यावर उड्या मारतो आणि ठिणग्या पाडतो. अभ्रक अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली कोरून घ्यायचं. घासायला काचकागद वापरा. पॉलिशचा एमरी कागद नको, त्याचे कण कार्बनमध्ये रुततात.

इन्व्हर्टर आणि ई-रिक्षा

गाडीची जुनी बॅटरी इन्व्हर्टरला लावायचा जुगाड टिकत नाही. गाडीच्या बॅटरीत पातळ प्लेटा जास्त संख्येनं असतात, क्षणभर शेकडो अँपिअर देण्यासाठी. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीत पॉझिटिव्ह माल विणलेल्या नळ्यांत भरलेला असतो, तासन्‌तास उतरून पुन्हा भरण्यासाठी. पहिलीला रोज रिकामी केलं तर काही महिन्यांत तिचा माल गळून तळाशी बसतो.

१५० अँपिअर-अवर हा आकडा घरातल्या बॅटरीवर बहुधा २० तासांच्या हिशेबानं छापलेला असतो, म्हणजे ७.५ अँपिअर २० तास. दोन पंखे, चार दिवे, टीव्ही मिळून २५० वॅट घेतले तर इन्व्हर्टरचं नुकसान धरून बॅटरीतून सुमारे २५ अँपिअर निघतात. एवढ्या वेगानं उपसलं की १५० पैकी १२० च्या आसपासच हाती लागतात, आणि बॅटरी तळापर्यंत न नेता थांबायचं म्हटलं तर चार तासांच्या आत-बाहेर. जुने पंखे बदलून ३० वॅटचे बीएलडीसी लावले तर वेळ लक्षणीय वाढतो. तो बीएलडीसी पंखा म्हणजे हीच डीसी मोटर, फक्त करंटची दिशा बदलण्याचं काम कार्बनऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं. जुन्या वाड्यांत बॅटरीची ट्रॉली जिन्याखालच्या कोंदट कपाटात जाते. तिथे दोन खोड्या: उष्णता साठते आणि चार्जिंगच्या शेवटी निघणारा हायड्रोजनही. हवेत तो ४ टक्के झाला की एका ठिणगीनं पेटतो. कपाटाचं दार काढून टाकलं तरी निम्मं काम होतं.

ग्वाल्हेरच्या महाराज बाडा या चौकाभोवती रांगेनं फिरणाऱ्या ई-रिक्षांत चार १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकामागे एक जोडून ४८ व्होल्ट करतात. मोटर २००० वॅटची धरली तर पूर्ण जोरात चाळीस-बेचाळीस अँपिअर. गर्दीत दर वीस पावलांवर थांबून पुन्हा निघायचं म्हणजे दरवेळी उलटं व्होल्टेज शून्यापासून सुरू; लॅबमधल्या स्टार्टरचं काम इथे कंट्रोलर करतो, करंटला लगाम घालून. चारपैकी एक बॅटरी अशक्त झाली तर ती आधी रिकामी होते आणि बाकीच्या तिघी तिच्यातून करंट ढकलतच राहतात, तिच्या प्लेटा उलट्या दिशेनं चार्ज होऊ लागतात. एक नवी बॅटरी तीन जुन्यांत बसवली तर ती नवीही लवकर जुन्यांच्या रांगेत येते. पूर्ण चार्जनंतर चौघींचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. एखादी अर्ध्या व्होल्टनं मागे असेल तर तिला सुटी काढून एकटीच चार्ज करून बघा.

नवी बॅटरी घ्यायचीच असेल तर बसवण्याआधी दुकानातच मीटर लावायला सांगा. गाडीच्या भरलेल्या बॅटरीनं १२.६ दाखवायला हवं. १२.४ च्या खाली असेल तर ती फळीवर महिनोन्‌महिने अर्धवट पडून आहे आणि सल्फेशन दुकानातच सुरू झालंय. मागची दुसरी काढायला सांगा.